झीज आणि मुलामा

दुसऱ्याने वापरलेली मोटार विकत घेण्यात काही कमीपणा आहे, अशी जी एक समजूत अलीकडे आपल्या मध्यमवर्गात रुजू पाहत आहे, ती मला कधीच पटलेली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात कित्येक कुटुंबांच्या दारात उभी राहिलेली पहिली मोटार ही कुणाच्या तरी हातून हस्तांतरित होऊनच आलेली असे. आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतर, अवघ्या ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे यंत्र पोटात बाळगणारी ती चिमुकली गाडी २०१४ साली तिचे उत्पादन थांबेपर्यंत आणि त्यानंतरही, डॉक्टरांकडून मास्तरांकडे, मास्तरांकडून दुकानदाराकडे आणि दुकानदाराकडून गाडी शिकणाऱ्या त्याच्या मुलाकडे अशी फिरतच राहिली. लहान मोटारीचे हे अनेक घरी नांदणे मला फार सात्त्विक वाटते. कमी ऐपतीच्या माणसालाही पावसापाण्यात आईला दवाखान्यात नेता यावे, एवढी सोय या फिरण्याने आजवर लाखो घरांत केलेली आहे.

मात्र अशी गाडी घेताना तिच्याकडे कसे पाहावे, हे नीट समजून घेतले पाहिजे. जुन्या गाडीकडून नवेपणाची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. सचोटीची अपेक्षा करणे हा आपला हक्क आहे. दहाबारा वर्षे ज्या पेडलवर कुणाचा तरी पाय पडत आला, त्याचे रबर एका कडेने झिजलेले असावे, स्टिअरिंगचा खरखरीत पृष्ठभाग हात ठेवण्याच्या जागी गुळगुळीत झालेला असावा, चालकाच्या आसनाची उजवी कड चढण्याउतरण्याने थोडी दबलेली असावी, हे सर्व त्या गाडीच्या आयुष्याचे खरे दप्तर आहे. उलट चाळीस हजार किलोमीटर दाखविणाऱ्या मीटरच्या खाली पेडलचे रबर पार घासून गेलेले आढळले, किंवा त्याहून संशयास्पद म्हणजे अगदी कोरे करकरीत आढळले, तर ते मीटर मागे फिरवलेले असण्याची शक्यता गृहीत धरून सर्व्हिसच्या पावत्या मागवाव्यात आणि प्रत्येक पावतीवरचा किलोमीटरचा आकडा तारीखवार लावून पाहावा. झीज ही दोष नव्हे. ती लपविण्यासाठी चढविलेला मुलामा हा दोष होय, आणि गाडीच्या तपासणीचा सारा खटाटोप या दोहोंतला भेद ओळखण्यासाठीच असतो.

माझ्या भाच्याला गाडी घ्यायची होती तेव्हा आम्ही साताऱ्याला एका शिक्षिकाबाईंची २०१३ सालची वॅगन आर पाहायला गेलो. बरोबर आमचे वृद्ध मेस्त्री होते. त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशीच बाईंना दूरध्वनीवरून विनंती केली होती, की आम्ही येईपर्यंत कृपा करून किल्ली फिरवू नका. कारण रात्रभर थंडावलेले यंत्र पहिल्या फेऱ्यात जे सांगते, ते तापलेले यंत्र सांगत नाही. गेल्या गेल्या त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवला, ते थंडगार लागताच समाधानाने मान डोलावली, आणि मी आपला गाडीभोवती उभ्यानेच हिंडतो आहे हे पाहून म्हणाले, “साहेब, खाली बसा. उभ्यानं गाडी दिसत नाही.”

मी त्यांच्या शेजारी मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो. सकाळचे ऊन तिरपे पडले होते आणि गाडीच्या डाव्या अंगावर समोरच्या कुंपणाच्या गजांची प्रतिबिंबे उमटली होती. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत ती सरळ रेषेत धावत होती. पण पुढच्या मडगार्डवर पोचताच प्रत्येक गज पाण्यात हलल्यासारखा किंचित वाकडा होत होता. मेस्त्रींनी खिशातून पातळ रुमालात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक काढले आणि पत्र्यावरून हळूहळू सरकवीत नेले. दारावर ते घट्ट बसे. मडगार्डच्या मधोमध येताच त्याची पकड सुटे. तिथे पत्र्यावर लांबी भरून वरून रंग मारलेला होता. आम्ही काही विचारण्यापूर्वीच ओट्यावरून बाई म्हणाल्या, “डावीकडचा तो पत्रा रंगवलेला आहे हं. शाळेच्या फाटकाला घासली होती माझ्याकडून. बिलसुद्धा आहे, दाखवते.” आणि त्यांनी ते खरोखरच आणून दाखविले.

या एका वाक्याने त्या गाडीची किंमत माझ्या लेखी कमी झाली नाही, वाढली. तरीही मेस्त्रींनी आपले काम सोडले नाही, आणि तेच योग्य होते. कारण विक्रेत्याची सचोटी आणि गाडीची प्रकृती यांची खातरजमा स्वतंत्रपणेच करावी लागते, आणि पुष्कळदा खुद्द मालकालाही आपल्या गाडीच्या अंतरंगाची वार्ता नसते. त्यांनी बॉनेट उघडून मडगार्ड बांधणाऱ्या बोल्टांच्या माथ्यांकडे बोट दाखविले. डावीकडच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला होता, उजवीकडचा अभंग होता. म्हणजे बाईंचे म्हणणे आणि गाडीची साक्ष जुळत होती. मग त्यांनी दिवा लावून दोन्ही बाजूंचे एप्रन आणि दारांच्या रबरी पट्ट्या ओढून त्यांखालचे खांब निरखले. कारखान्यात ठिपक्याठिपक्यांनी केलेला जोड ठराविक अंतरावर, सारख्या आकाराचा असतो. गाडीला जबर अपघात होऊन तिचा सांगाडा ओढून सरळ केलेला असला, तर तिथे हाताने केलेल्या वेल्डिंगच्या ओबडधोबड रेषा सापडतात. मडगार्ड घासणे ही किरकोळ बाब आहे; सांगाडा वाकणे ही नव्हे, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या तोंडावर खचलेल्या भिंतीला चुना फासावा तसा तिच्यावरचा चकचकीत रंग असतो, आणि पुढच्या टकरीत तिच्यात बसलेल्या माणसांचे रक्षण करण्याचे सामर्थ्य तिच्यात उरलेले असेलच, अशी हमी कुणीही देऊ शकत नाही.

किल्ली फिरविताच यंत्र चटकन सुरू झाले. थांबल्या जागी गाडी थोडी थरथरली, तेव्हा भाच्याचा चेहरा उतरला. परंतु ९९८ घन सेंटिमीटरच्या या यंत्राला तीनच सिलिंडर आहेत, आणि तीन सिलिंडरांची किंचित थरथर जन्मजातच असते. लक्ष ठेवायचे ते धुरावर. निळसर धूर दिसला तर यंत्र तेल जाळते आहे; पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबेना, तर थंडाव्याचे पाणी आत झिरपत असावे, आणि मग तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण उघडून त्याच्या आत सायीसारखा फिकट थर जमला आहे काय, हेही पाहावे. क्लचची परीक्षा तर पुढे जाऊ घातलेल्या गाडीपेक्षा थांबलेल्या गाडीवर अधिक चांगली होते: हातब्रेक पक्का ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा, यंत्र तत्काळ बंद पडले तर पकड शाबूत, आणि ते निर्विकारपणे फिरतच राहिले तर प्लेटचा खर्च किमतीतून वजा करावा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरविली, तेव्हा चाकांकडून कटकट ऐकू आली नाही. टायरांच्या भिंतीवर चार अंकांचा एक शिक्का असतो. त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारपैकी दोन टायर सात वर्षांचे निघाले, नक्षी पुष्कळ उरली असूनही त्यांच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या, आणि ते बदलण्याचा खर्च सौद्यात धरण्यास बाईंनी हरकत घेतली नाही.

महाराष्ट्रात जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एका गोष्टीची शहानिशा केलीच पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ साली कृष्णा आणि पंचगंगा सांगली-कोल्हापुरात शिरल्या, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले. अशा प्रत्येक पुरानंतर पाण्याखाली गेलेल्या गाड्यांपैकी काही धुऊन-पुसून, अत्तराचा फवारा मारून दूरच्या गावच्या बाजारात उभ्या केल्या जातात. आसनांची कापडे बदलता येतात. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला की गुंडाळीत दडलेल्या त्याच्या टोकावर गढूळ पाण्याची रेघ अनेकदा सापडते. आसने ज्या लोखंडी पट्ट्यांवर पुढेमागे सरकतात त्यांचा गंज, गालिचाखालचा ओलसर कुबट वास, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात साचलेला नदीचा गाळ, हे पुरावे पुसणे सोपे नसते. आणि विजेच्या तारांच्या जोडांत शिरलेले पाणी आज ना उद्या आपला हिशेब मागतेच. ज्याचे घर पुरात गेले त्याच्याविषयी माझ्या मनात अपार कणव आहे. पण ती गाडी बुडाल्याचे दडवून अनभिज्ञ गिऱ्हाइकाच्या माथी मारणाऱ्याबद्दल मला कसलीही सहानुभूती नाही.

राहता राहिले कागद. नोंदणीपुस्तकावरचा चासीचा सतरा अक्षरी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा. बँकेचा बोजा असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याखेरीज इसार देऊ नये. थकलेली चलने विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. गाडी वायूवर चालणारी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे ना, हे पाहावे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणून २०१३ ची गाडी घेणाराने २०२८ हे साल मनात धरूनच किंमत ठरवावी. त्यापुढे तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा भार त्याच्यावरच येणार असतो.

आम्ही ती वॅगन आर घेतली. निघताना बाईंनी किल्ली भाच्याच्या हातात देऊन, ती घाटात चढताना कोणत्या वळणावर दुसरा गिअर मागते, हे सांगितले. त्यावर मेस्त्रींनी त्यांना नमस्कार केला आणि नमुना २९ व ३० वर तिथेच सह्या करून घेतल्या.

या सह्यांच्या बाबतीत घेणाऱ्याइतकीच देणाऱ्यालाही माझी कळकळीची विनंती आहे. व्यवहार एकाच राज्यातला असेल तर विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतरण परिवहन कार्यालयात कळवावे, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. विमाही चौदा दिवसांत नव्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. गाडी विकली, पैसे मिळाले, आता आपला संबंध संपला असे मानून कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून मोकळे होणाऱ्या सज्जनांनी एवढे ध्यानात ठेवावे, की दफ्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, मधल्या काळात गाडी अनेक हात फिरलेली असतानाही, दिलेला आहे.