नकाशाला एकच रंग

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी चार महिने लढाई चालू होती. दर रविवारी रात्री नऊला तोंड फुटायचे आणि बाराच्या सुमारास कुणाची तरी आई ओरडली की लढाई पुढच्या रविवारपर्यंत तहकूब व्हायची. लढाई अर्थातच संगणकावरची. 'युरोपा युनिव्हर्सालिस' नावाचा एक खेळ आहे. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने काढलेल्या या खेळाचा चौथा भाग २०१३ मध्ये आला आणि पोरे तो अजून खेळतात. नाव युरोपचे असले तरी नकाशा साऱ्या जगाचा आहे. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला आणि चालतो १८२१ सालापर्यंत. आपल्याला आवडेल ते राज्य निवडायचे आणि पावणेचारशे वर्षे ते सांभाळायचे. एकट्याने खेळता येतो, पण खरी मजा चारपाच जणांनी आपापल्या गावी बसून एकाच नकाशावर खेळण्यात आहे, असे आमचे चिरंजीव म्हणतात.

चिरंजीव हैदराबादला इंजिनिअरिंगला आहेत. जन्म आदिलाबादचा, म्हणून त्यांनी गोंडवन घेतले. आमच्या सौ.चे माहेर भालकी. तिच्या भावाचा मुलगा, जो मला अजून कन्नड वळणाने 'माव' म्हणतो, त्याने 'बिदर आमचं' म्हणून बहमनी राज्य घेतले. त्याची थोरली बहीण बंगळूरला नोकरी करते, तिच्याकडे विजयनगर. चिरंजीवांचा एक नांदेडचा मित्र माळव्याचा सुलतान झाला. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. सुटीला मुलगा घरी आला की त्याच्या खुर्चीमागे उभा राहून मी हे सगळे बघत असे. एरवी सोमवारी सकाळी फोनवर वृत्तांत मिळे.

खेळ रचणाऱ्यांनी अभ्यास केलेला दिसतो. १४४४ साली बहमनी गादीवर दुसरा अलाउद्दीन अहमद होता आणि विजयनगरला दुसरा देवराय. दोघांचे नुकतेच युद्ध होऊन गेले होते. म्हणजे पोरांच्या हाती पट आला तो गरम तव्यासारखाच. राज्य चालवायला तीन प्रकारचे गुण मिळतात : कारभाराचे, मुत्सद्देगिरीचे आणि सैन्याचे. राजा हुशार असेल तर जास्त, मठ्ठ असेल तर कमी. मुलूख जिंकता येतो, पण पचवावा लागतो. फार भराभर गिळला तर बंडे होतात आणि शेजारी बिथरतात. पुरेसे शेजारी बिथरले की ते एकत्र येऊन चालून येतात.

भालकीच्या भाच्याचे नेमके तेच झाले. पहिल्या तीन रविवारांत त्याने खानदेश घेतला, तेलंगण घेतले, ओरिसाच्या सीमेला जाऊन भिडला. श्रावण संपेपर्यंत दख्खनच्या नकाशावर त्याचाच रंग. मग विजयनगर, गोंडवन आणि ओरिसा यांनी युती करून त्याला तिन्ही बाजूंनी धरले. त्या तहात गोंडवनाला वऱ्हाड मिळाले. त्यानंतर विजयनगर इतके वाढले की कालचे मित्र तिच्याविरुद्ध कुजबुजू लागले. पण तिच्या ऑफिसात रात्रपाळी लागली आणि तीन रविवार तिचे राज्य संगणकानेच चालवले. राज्यांची दैवे कशावर फिरतात पाहा! आमच्याकडच्या एका वादळी रात्री वीज गेली, तेवढ्यात गोंडवनाची अर्धी फौज कापली गेली.

वर्गात मी बहमनींचा पाठ शिकवतो तेव्हा मुले जांभया देतात. १३४७ मध्ये गुलबर्ग्याला स्थापना, मग राजधानी बिदरला, दक्खनी आणि परदेशी सरदारांची चुरस, १४८१ मध्ये महमूद गवानसारख्या वजीराचा वध आणि पुढच्या चाळीस वर्षांत एका राज्याची पाच राज्ये. विजयनगरचा रामराया या सुलतानांना एकमेकांविरुद्ध झुंजवत राहिला. शेवटी १५६५ मध्ये विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर एकत्र आले आणि तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळले. हे सगळे परीक्षेपुरते पाठ होते. पण भाचीने फोनवर मला विचारले, "माव, रामरायाला कळलं नसेल का, की सगळे आपल्यालाच घाबरलेत म्हणून?" असा प्रश्न स्वतः राज्य हरवत असलेल्यालाच पडतो. खेळाचे हे ऋण मान्य केले पाहिजे.

भांडण लागले ते दसऱ्याच्या आधी. चिरंजीवांची परीक्षा होती, दोन रविवार गोंडवन संगणकाच्या स्वाधीन होते. तहाची मुदत संपताच भाच्याने माळव्याला हाताशी धरून वऱ्हाड परत घेतले. खेळाच्या नियमात ते बसत होते, पण "परीक्षा असताना हात लावायचा नाही" असे तोंडी ठरले होते म्हणे. झाले! दोघांचे बोलणे बंद. लहानपणी दिवाळीला भालकीत एका ताटात जेवलेली ही पोरे. दिवाळीला भालकीची मंडळी आमच्याकडे आली तेव्हा एक जण पुढच्या खोलीत आणि दुसरा मागच्या. सौ. एकाला मराठीत समजावी, दुसऱ्याला "ऊटा आतेनु?" विचारून जेवायला ओढून आणी.

शेवटी माझ्या आईने विचारले, "अरे, भांडण कशावरून?"

"वऱ्हाडावरून, आजी."

आईचे माहेर पांढरकवडा, पैनगंगेच्या पलीकडे. ती म्हणाली, "वऱ्हाड तर माझं माहेर. ते तुम्ही कुणाला विचारून वाटून घेतलं?"

सगळे हसले आणि अबोला तिथेच सुटला. मला मात्र ते वाक्य पुरून उरले. कारण वऱ्हाड खरोखरच असे न विचारता वाटले गेले आहे. १८५३ मध्ये निजामाने कर्जाच्या फौजखर्चापोटी ते इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने दिले. निजामाच्या वारसाला 'वऱ्हाडचा युवराज' अशी पदवी १९३६ मध्ये मिळाली, तेव्हा त्या मुलखात त्याचा एक तलाठीही नव्हता. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि १९६० पासून ते महाराष्ट्रात आहे. पांढरकवड्याच्या बाजारात यातले काय बदलले, ते आईच्या आईला विचारायला हवे होते.

खेळात प्रत्येक प्रांताला एक रंग असतो, एक धर्म आणि एक संस्कृती. म्हणजे एकच भाषा म्हणा ना. हा प्रांत मराठी, तो कन्नड, पलीकडचा तेलुगू, वरचा गोंडी. राजाला परकी संस्कृती 'मान्य' करता येते किंवा मुत्सद्देगिरीचे गुण आणि काही वर्षे खर्चून प्रांताची संस्कृती बदलून टाकता येते. मुलगा मला हे बटण दाखवत होता, तेव्हा मनात आले की आपल्या भागात हे बटण दाबायचे तरी कुठे?

आमच्या जिल्ह्याचे नावच घ्या. ते विजापूरच्या अली आदिलशहावरून पडले असे सांगतात. विजापूर कन्नड मुलखात, दरबार फार्सीचा, महसुलाचे दफ्तर मात्र मराठीत चालू लागले. त्या घराण्याचे नाव आज तेलंगणातल्या जिल्ह्याला. देवगिरीच्या यादवांचे शिलालेख मराठीतही आहेत आणि कन्नडातही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी अक्षरे कोरलेली आहेत. आमच्या जंगलपट्टीत गोंड राजांच्या कथा किंगरीवर गाणारे जे परधान, त्यांची घरची भाषा मराठी. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेतले, तरी गोंडी बोलायची कुणी थांबले नाही. आणि १९४० मध्ये जोडेघाटला कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला, तेव्हा नकाशावर एक रेषही हलली नव्हती. लोकांची जमीन आणि जंगल तेवढे जात होते.

नकाशा हलला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. हैदराबाद राज्याची तीन वाट्यांत वाटणी झाली आणि आमचे नातेवाईक न हलता पांगले. वडिलांचे जन्मगाव किनवट तालुक्यातले. तो तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, तो राजुऱ्याबरोबर मुंबई राज्यात गेला. आजोबा आदिलाबादला जिनिंगमध्ये कामाला, म्हणून आम्ही आंध्रात राहिलो. आत्याचे सासर मुधोळ. ते नांदेड जिल्ह्यातून आमच्या जिल्ह्यात आले आणि २०१६ च्या दसऱ्याला आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हा निर्मलमध्ये गेले. सौ.ची भालकी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. तिच्या आईचे माहेर उदगीर. भालकीसारखेच तेही बिदर जिल्ह्यातले, पण ते गेले महाराष्ट्राकडे. सासूबाई सांगतात, "मी माहेरी जायची तीच वाट, पण पुढं ती परराज्यात गेली."

ही गंमत म्हणून सांगत नाही. रेषेने पोटापाण्याचे ठरते. माझ्या वर्गात तांड्यावरची मुले आहेत. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. माझ्या एका विद्यार्थ्याची बहीण किनवटकडे दिली आहे. भावाला जो दाखला मिळतो तो बहिणीच्या लेकरांना मिळत नाही. एकाच आजीची ही नातवंडे. केरामेरी मंडल आणि जिवती तालुका यांच्यामधली चौदा गावे दोन्ही राज्ये आपली म्हणतात. तिथे माणसांजवळ दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे आणि एकाच गावात तेलुगूची व मराठीची अशा दोन शाळा आहेत. आपल्या पोरांच्या खेळात असा प्रांत काढताच येत नाही. खेळाचा पाचवा भाग नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. त्यात एकेका ठिकाणची वस्ती वेगवेगळ्या संस्कृतींत मोजलेली असते, असे भाचा सांगतो. उशिरा का होईना, स्वीडनला कळले म्हणायचे.

मला काळजी दुसरीच आहे. बहमनी गेले, आदिलशाही गेली, भोसले गेले, निजाम गेला. यांपैकी कुणी आपली भाषा राखली असेही नाही आणि कुणाला ती पुसता आली असेही नाही. ती टिकली चुलीपाशी, बाजारात, भजनात. आज आमचे चिरंजीव मराठी बोलतात, कन्नड त्यांना समजते, तेलुगू शाळेमुळे लिहिता येते. पण मराठी वाचताना अडखळतात, आणि भालकीचा भाचा आपल्या आजीची उदगिरी मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देतो. खेळात संस्कृती बदलायला राजाला गुण मोजावे लागतात, वर्षे लागतात. घरात एका पिढीत ते फुकट होते, आणि कुणी स्वारी करून यावे लागत नाही. इथे राजाला दोष देऊन भागत नाही. मुलांशी कुठल्या भाषेत बोलायचे ते आईबापच ठरवतात.

म्हणून भाऊबिजेच्या दुपारी आम्ही एक साधा उद्योग केला. मोठा कागद घेतला, त्यावर घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचे गाव लिहिले. पुढे रकाने : ते गाव १९४८ पूर्वी कुणाच्या राज्यात, १९५६ नंतर कुठे, आज कुठे, आणि शेवटचा रकाना म्हणजे घरात कोणकोणत्या भाषा बोलत. लिहायचे काम गोंडवन आणि बहमनी यांच्याकडे दिले, मराठीत आणि कन्नडात. आई आणि सासूबाई सांगत होत्या, पोरे अडखळत लिहीत होती, एकमेकांची अक्षरे सुधारत होती. दोन तास कुणी मोबाईलला हात लावला नाही.

वाचकहो, तुमच्याही घरी सुटीत हा कागद भरून पाहा. जी माणसे हे सांगू शकतात, ती आता फार उरलेली नाहीत. आमच्या कागदावर अकरा गावे झाली. राज्याच्या रकान्यांत भरपूर खाडाखोड झाली. भाषेच्या रकान्यात मात्र एकच नाव असलेले घर एकही निघाले नाही. तुमच्याकडे निघाले तर जरूर कळवा.