तक्ता 4.6 मधले पाणी

वटारला राहायला आलो तेव्हा ‘बावखल’ हा शब्द मला माहीत नव्हता. इतकी वर्षे मुलांना मराठी शिकवत होतो, तरीही. शेजारच्या वाडीतल्या काकांनी एका सकाळी नेऊन दाखवले: केळीच्या बागेला लागून खोदलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींचे पाणी गोडे राहते. समुद्र इतका जवळ असूनही वसईच्या या पट्ट्यात वाड्या पिकल्या, त्यात बावखलांचा मोठा वाटा आहे. अलीकडे मात्र भराव टाकून अनेक बावखलं बुजवली गेली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी याच विषयावर भूगोलात पीएच.डी. करते आहे. मुलगी सोपाऱ्याची, दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, आणि प्रबंध मराठीत लिहिते. याचा तिच्यापेक्षा मलाच जास्त अभिमान. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी मगरिबनंतर ती लॅपटॉप घेऊन घरी आली.

“सर, आठ दिवसांत प्रबंध द्यायचाय आणि मॅडमनी हे पान परत पाठवलंय.”

पानावर एक वाक्य लाल शाईने अधोरेखित होते : ‘तक्ता 4.6 मधील बावखलं भराव टाकून बुजवण्यात आली आहेत.’ मी तक्ता 4.6 उघडला. त्याचे शीर्षक होते, ‘पाणी असलेली व वापरातील बावखलं’. पहिल्याच ओळीत शेजारच्या काकांची वाडी होती. ज्या तळ्यावरून मी रोज सकाळी जातो, ते या वाक्याने बुजवून टाकले होते. काकांनी मोजणीच्या वेळी तिला मुद्दाम सांगितले होते, “पोरी, आमचं पाणी अजून आहे, असं लिहून ठेव.”

घडले होते ते असे. तक्ते आणि आकृत्यांचे सगळे क्रमांक तिने हाताने टाइप केले होते. मॅडमच्या सूचनेवरून चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला पावसाचा एक नवा तक्ता घातला. त्याखालच्या तक्त्यांचे क्रमांक तिने एकेक करून पुढे सरकवले, पण मजकुरातले उल्लेख जुनेच राहिले. बुजवलेल्या बावखलांचा तक्ता 4.7 झाला आणि 4.6 या जागी जिवंत बावखलं येऊन बसली.

“एवढंच दुरुस्त करू का?” तिने विचारले. मी म्हटले, “नाही बेटा, आकडे लिहिणंच बंद करू.”

वर्डमध्ये ‘इन्सर्ट कॅप्शन’ची सोय आहे. तिथे आम्ही ‘तक्ता’ आणि ‘आकृती’ अशी दोन नवी लेबले तयार केली. प्रकरणाचा क्रमांक सोबत हवा होता, पण तो काही केल्या येईना. कारण सापडायला अर्धा तास गेला. तिने प्रकरणांची नावे नुसती मोठी आणि ठळक केली होती. तेवढ्याने वर्डला ते प्रकरण आहे हे कळत नाही. त्यासाठी नावाला ‘हेडिंग 1’ ही शैली द्यावी लागते आणि त्या शैलीला क्रमांकन जोडावे लागते. ते केल्यावर 4.1, 4.2 नीट येऊ लागले. मग मजकुरातला प्रत्येक उल्लेख पुसून त्या जागी ‘क्रॉस-रेफरन्स’ घातला. तिथे ‘फक्त लेबल व क्रमांक’ हा पर्याय निवडायचा, नाहीतर तक्त्याचे अख्खे शीर्षक वाक्यात येऊन पडते. शेवटी सगळा मजकूर निवडून एफ 9 दाबायचे, कारण तोवर जुने आकडेच दिसत राहतात. दाबल्यावर दोन ठिकाणी ठळक अक्षरांत संदर्भ न सापडल्याचा इशारा उमटला. ती दोन्ही शीर्षके तिने मधेच पुसून नव्याने घातली होती.

मराठीची अडचण वेगळीच. आपण ‘तक्त्यात’, ‘आकृतीवरून’ म्हणतो. यंत्र मात्र दर वेळी ‘तक्ता’ हाच शब्द आणून ठेवते, त्याला सामान्यरूप माहीत नाही. म्हणून बरीच वाक्ये मोडून शेवटी कंसात ‘पाहा : तक्ता 4.7’ असे केले.

अब्बांना वाचता यावा म्हणून तिने दोन पानांचा उर्दू गोषवाराही जोडला होता. त्यात प्रकरण आणि तक्ता यांच्या आकड्यांमध्ये आडवी रेघ होती, आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत 4-6 चे 6-4 दिसू लागले. रेघ काढून टिंब दिल्यावर आकडे जागेवर आले.

हे सगळे नवे नाही. डोनाल्ड कनूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980 च्या दशकात ‘लाटेक’ उभे केले. त्यात लिहिणारा तक्त्याला नाव देतो आणि क्रमांक प्रणाली ठरवते. तिथेही शिस्त आहेच. नावाची खूण शीर्षकाच्या आज्ञेआधी टाकली, तर तक्त्याऐवजी त्या विभागाचाच क्रमांक हाती येतो.

संदर्भाला उर्दूत ‘हवाला’ म्हणतात. मराठीतही आपण हवाला देतो, आणि वस्तू कुणाच्या हवाली करतो. दोन्हीकडे अर्थ एकच, सोपवणे. ‘तक्ता पाहा’ म्हणताना आपण वाचणाऱ्याला त्या तक्त्याच्या हवाली करतो. तो चुकीचा निघाला, तर आपण खोटी साक्ष दिली असे होते. मनात काहीही असो.

म्हणून रात्री जेवणानंतर आम्ही शेवटचे काम केले. ती वाक्य वाचायची, मी तक्ता उघडून बघायचो. आकडे आता सगळे बरोबर होते. तरी एक चूक सापडलीच. घाईत तिने यादीतून शेजारचा तक्ता निवडला होता. यंत्राने त्याचा क्रमांक अचूक दिला, फक्त वाक्य त्या तक्त्याबद्दल नव्हते. एफ 9 दाबून असली चूक निघत नाही, वाचूनच निघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बावखलाच्या काठावर भेटले.

“मास्तर, पोरीचं पुस्तक झालं का?”

“झालं. तुमची वाडी तक्ता 4.6 मध्ये, पहिल्याच ओळीत आहे.”

“पाणी आहे, असंच लिहिलंय ना?”

“हो,” मी म्हणालो. “आता तसंच लिहिलंय.”