आधी काम उघडून पाहा

दसरा झाला की अंधेरीच्या कंपन्यांतून फोन सुरू होतात. लॉबीत दोन दिवस स्टॉल लावायचा असतो. त्यासाठी विशेष मुलांच्या कार्यशाळेतल्या रंगवलेल्या पणत्या, उटण्याची पाकिटं, कागदी पिशव्या हव्या असतात. विक्री चांगली होते, फोटो निघतात, कार्यशाळेला पुढच्या कच्च्या मालापुरते पैसे मिळतात. या खरेदीबद्दल माझी तक्रार नाही. फक्त फोन ठेवण्याआधी मी विचारते, "तुमच्याकडे रोज येणारं टपाल कोण लावतं? जुन्या फायली स्कॅन कोण करतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "तसं ठरलेलं कोणी नाही. सगळेच थोडंथोडं करतात."

ज्या कामाचा कोणी मालक नाही, जे सगळ्यांच्या टेबलावर थोडंथोडं साचतं, तिथून माझं काम सुरू होतं.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपी लोकांना ठाऊक असते, आमची ओळख मात्र दर वेळी नव्याने करून द्यावी लागते. आपल्याकडे या शास्त्राची पहिली शाळा १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली, ती कमलाबाई निंबकरांमुळे. मूळच्या अमेरिकन असलेल्या त्या निंबकरांच्या घरात सून म्हणून आल्या, पुढे फिलाडेल्फियात हे शिक्षण घेऊन परतल्या आणि त्यांनी ते मुंबईत रुजवलं. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाला त्यांचंच नाव आहे. या शास्त्राचा गाभा साधा आहे: कुठलीही कृती एकसंध नसते, तिची फोड करता येते. पक्षाघात झालेल्या माणसाला सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, असं आम्ही म्हणत नाही. पकड सुटते की बोटं वळत नाहीत, काज दिसत नाही की क्रम विसरला जातो, ते आधी शोधतो. अडचण एका पायरीवर असते आणि उपाय त्या पायरीपुरताच लागतो.

हीच नजर मी नोकऱ्यांकडे वळवली. गेली अनेक वर्षं अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात अपंग मुलामुलींसाठी काम शोधते आहे. या वर्षांनी मला एकच गोष्ट शिकवली. "या माणसाला कोणतं काम जमेल?" या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. "या कामात नक्की काय काय करावं लागतं?" असं विचारलं की दारं उघडतात.

ठरवून दिलेल्या खुर्च्या

पहिला प्रश्न आपल्या समाजाने फार वर्षं विचारला आणि त्याची उत्तरंही ठरवून टाकली. अंध असाल तर खुर्च्यांचं वेतकाम, मेणबत्त्या, नाहीतर टेलिफोन ऑपरेटर. पायाने अधू असाल तर टेलिफोन बूथ. या व्यवस्थेला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिने खरीखुरी घरं चालवली. जोगेश्वरीचं अंधांसाठीचं बनाजी इंडस्ट्रियल होम, वरळीला मुख्यालय असलेली १९५२ सालची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, शीवला १९६८ पासून असलेलं केंद्र सरकारचं व्यावसायिक पुनर्वसन केंद्र या संस्थांनी हाताला काम आणि महिन्याला पगार दिला. बँकेत टेलिफोन ऑपरेटर असलेला अंध जावई त्या काळी मुलीकडच्यांना चालायचा, ही लहान गोष्ट नव्हती.

अडचण अशी की एका अपंगत्वाला एकच खुर्ची जोडली की खुर्चीबरोबर माणूसही जातो. मोबाइल आला आणि स्टेशनाबाहेरचे पिवळे बूथ एकामागून एक बंद पडले. बँकांचे फोन आपोआप जोडले जाऊ लागले आणि ऑपरेटरच्या टेबलावर शांतता पसरली. प्लास्टिकच्या खुर्चीला वेत लागत नाही.

त्या ऑपरेटरांपैकी काहींच्या संगणकावर स्क्रीन रीडर आला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पूर्वी ते महाग होतं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलेलं 'एनव्हीडीए' फुकट मिळू लागलं. ज्यांना ते शिकवलं गेलं ते कर्जाची कागदपत्रं, ग्राहकांच्या तक्रारी, पत्रव्यवहार अशा कामांत गेले. डोळे तेच होते, बँकही तीच होती. कामातली वाचण्याची पायरी तेवढी बदलली.

ही पायरी न तपासण्याची किंमत उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी मोजली. २०१६ मध्ये यूपीएससीच्या परीक्षेत यश मिळवूनही दृष्टिहीन म्हणून त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेतलं गेलं नाही. पुढच्या वर्षी त्या १२४व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, आयएएस झाल्या आणि केरळमध्ये त्यांनी प्रशासन सांभाळलं. हिशेब तपासायला डोळे नेमके कुठल्या टप्प्यावर लागतात, हे आधी कोणी पाहिलं असतं तर?

कायद्याने काय दिलं

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झालं. त्यातला एकेक टक्का दृष्टी, श्रवण आणि हालचालीच्या अपंगत्वाला आहे. उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून भागवायचं. खासगी क्षेत्रावर सक्ती नाही. मनुष्यबळात किमान ५ टक्के अपंग असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो. समान संधीचं धोरण मात्र प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं आहे. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर कोणती पदं अपंगांना योग्य आहेत ते त्यात लिहायचं आणि त्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमायचा. आपल्या कंपनीत हा अधिकारी कोण, हे वाचकांनी एकदा विचारून पाहावं.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे ३६ टक्के काम करणाऱ्या होत्या. सगळ्या लोकसंख्येत हे प्रमाण जवळपास ४० टक्के होतं, म्हणजे फरक वरवर थोडाच. पण ३६ चा आकडा फोडला की पुरुष ४७ टक्के आणि स्त्रिया २३ टक्के निघतात. शिवाय शेतात राबणारी माणसंही याच आकड्यात आहेत. बोरिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात पदवी घेऊन बसलेल्या मुलीला त्यातून काहीच दिलासा मिळत नाही.

माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात मोलाची तरतूद आरक्षणाची नाही, वाजवी सोयीची आहे. कामाची पद्धत, वेळ, साधन किंवा जागा त्या माणसापुरती बदलून देणं असा तिचा अर्थ. ती नाकारणं हा भेदभाव ठरतो, आणि ती माणसागणिक वेगळी असणार, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. आमचा पेशा दुसरं काय करतो?

फोड कशी करतात

एखाद्या ठिकाणी जागा निघाली की मी आधी उमेदवार नेत नाही, स्वतः जाऊन बसते. समजा, मरोळच्या एका लहान कार्यालयात 'बॅक ऑफिस'ची जागा आहे. जाहिरातीत संभाषणकौशल्य उत्तम हवं, असं लिहिलेलं असतं. एक अख्खी शिफ्ट शेजारी बसलं की दिसतं, त्या खुर्चीवर मुख्य कामं चार: बिलं स्कॅन करणं, त्यांना नावं देऊन योग्य जागी ठेवणं, आकडे भरणं आणि फोन घेणं. पहिल्या तिन्हींना कान लागत नाहीत. फोन शेजारच्या टेबलावर द्यायचा आणि त्या टेबलावरचं साचलेलं स्कॅनिंग इकडे घ्यायचं. एवढ्या अदलाबदलीवर कर्णबधिर मुलगी ती नोकरी करू शकते. यात मालकाचा खर्च शून्य असतो. ज्याच्यावर फोन येणार, त्या सहकाऱ्याला मात्र आधी विचारावं लागतं. ते विसरलं तर पहिल्याच आठवड्यात सगळं फिसकटतं.

मुंबईत ही फोड धंद्याच्या पातळीवर करून दाखवणारे झाले आहेत. ध्रुव लाक्रा यांनी २००९ च्या सुमारास 'मिरॅकल कुरियर्स' सुरू केली. तिथे पाकिटं वाटणारे आणि लावणारे कर्णबधिर तरुण-तरुणी. कुरियरचं काम पाहिलं तर पत्ता वाचणं, रस्ते आणि इमारती लक्षात ठेवणं, सही घेणं असं सगळं डोळ्यांचं आहे. निरोप एसएमएसने देता येतात. २०१५ मध्ये पवईत 'मिर्ची अँड माइम' हे रेस्टॉरंट उघडलं, तिथे वाढणारे कर्णबधिर. मेन्यूकार्डवर पदार्थाशेजारी त्याची खूण छापलेली, म्हणजे नवी भाषा शिकण्याचं काम गिऱ्हाइकाकडे आलं आणि गिऱ्हाइकांनी ते हौसेनं केलं. २०१८ मध्ये जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टने 'कॅफे अर्पण' सुरू केला. तिथे स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ काम करतात. ट्रस्टच्या सुषमा नगरकर आणि अशैता महाजन यांनी त्याआधी डब्यांची सेवा चालवली होती. लेमन ट्री ही हॉटेलांची साखळी २००७ पासून कर्णबधिरांना नोकरी देते आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत फोड आणखी बारीक लागते. 'गोडाऊन आवरून घे' हे वाक्य त्यांच्या कामाचं नाही. कोणता खोका, कोणत्या रॅकवर, कितवा, झाल्यावर कोणाला सांगायचं, याची चित्रांची पट्टी भिंतीवर लागते. सुरुवातीला जॉब कोच, म्हणजे सोबत काम शिकवणारी व्यक्ती, दिवसभर बाजूला असते. मग ती अर्धा दिवस येते, मग आठवड्यातून एकदा. मुलं काम बहुतेकदा लवकर शिकतात. त्यांना जड जातं ते डबा कोणाबरोबर खायचा, सुपरवायझरची थट्टा कुठली आणि रागावणं कुठलं, मस्टरवरचा माणूस बदलला तर सही कुठे करायची. या गोष्टी कुठल्याही नेमणूकपत्रात नसतात, पण नोकऱ्या यांच्यामुळेच सुटतात.

घर ते खुर्ची

मुंबईत प्रवास हाही नोकरीचाच भाग असतो. लोकलमध्ये अपंगांचा डबा आहे. तो थांबतो तिथे फलाटावर बीप वाजते, अंध प्रवासी त्या आवाजाच्या रोखाने उभे राहतात. पण सकाळच्या गर्दीत तो डबाही धडधाकट माणसांनी भरलेला असतो. पाऊस असो की ऊन, चित्र तेच. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली, २०२३ च्या जानेवारीपासून दहिसर ते अंधेरी दोन मार्ग पूर्ण सुरू झाले आणि माझ्या नोंदवहीतला नकाशाच बदलला. लिफ्ट, रुंद फाटक, पायाला जाणवणाऱ्या पट्ट्या, फलाटाच्या समपातळीत डबा. व्हीलचेअरवरचा मुलगा दहिसरहून अंधेरीपर्यंत कोणाचा हात न धरता येऊ लागला. स्टेशनाबाहेर मात्र फुटपाथ खणलेला, त्यावर दुचाक्या, मध्येच खांब. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरसाठी रिक्षा करावी लागते आणि पगाराचा मोठा घास तिच्यात जातो. म्हणून आता मी उमेदवाराच्या पदवीआधी स्टेशन ते ऑफिस हे अंतर पाहते. घाटकोपर-मुलुंडकडच्या मुलांसाठी तर घराजवळचंच काम शोधते. सीएचं ऑफिस, औषधांचं दुकान, पॅथॉलॉजी लॅब, मोठ्या सोसायटीचं कार्यालय. उपनगरातली बरीच कामं अशा लहान जागांत असतात आणि तिथे कोणी विचारायलाच जात नाही.

दुसरा अडथळा स्वच्छतागृहाचा. पायाला कॅलिपर लावणाऱ्या किती तरी मुली ऑफिसात दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण तिथलं स्वच्छतागृह दोन पायऱ्या खाली आणि तेही भारतीय बैठकीचं. स्त्रियांच्या २३ टक्क्यांमागे ही कारणंही आहेत.

तिसरा अडथळा घरातला. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाला उत्पन्नाची अट आहे. नोकरी लागली की ते बंद होईल आणि नोकरी सुटली तर पुन्हा सुरू व्हायला किती खेटे घालावे लागतील, हा आईवडिलांचा हिशेब चुकीचा नाही. त्यांना धीर देण्यापेक्षा मी मालकाकडून लेखी नेमणूकपत्र, पीएफ आणि ठरलेला पगार मागते. कागद हातात असला की घरची भीती आपोआप निम्मी होते.

न सोडण्याचं कौतुक

कंपन्यांच्या सभांमध्ये अपंग कर्मचाऱ्यांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ही मुलं प्रामाणिक असतात, नोकरी सोडून जात नाहीत." ते कौतुकाने म्हटलेलं असतं, काही मालक त्यावरच नोकरी द्यायला तयार होतात आणि मीही ते खोडून काढत बसत नाही. पण मला ते टोचतं. दुसरीकडे कुठे जायला जागाच नसेल, तर न सोडण्यात प्रामाणिकपणा किती आणि नाइलाज किती? सहा वर्षं त्याच टेबलावर, त्याच पगारावर, बढतीच्या यादीत नाव नाही, प्रशिक्षणाला पाठवलेलं नाही, हे स्थैर्य नाही. धडधाकट तरुणाच्या बाबतीत आपण त्याला अडकून पडणं म्हणतो.

म्हणून मालकांना मी आता तीनच गोष्टी मागते. मुलाखतीऐवजी तीन दिवस काम करून पाहू द्या, कारण बोलण्याची परीक्षा घेऊन हाताचं काम कळत नाही. जाहिरातीतल्या अटींपैकी कामाला खरोखर लागणाऱ्या तेवढ्याच ठेवा. आणि दरवर्षी इतरांसारखंच यांनाही विचारा, पुढे काय करायचं आहे.

मालाडच्या एका कंपनीत डेटा एंट्री करणाऱ्या कर्णबधिर मुलाने मध्यंतरी राजीनामा दिला. त्याला दुसरीकडे जास्त पगार आणि डिझाइनचं काम मिळालं होतं. त्याच्या साहेबांनी नाराज होऊन मला फोन केला, "एवढं आम्ही शिकवलं आणि गेला." मी त्यांना सांगितलं, तो इतर कोणीही वागेल तसाच वागला. जागा रिकामी झाली असेल तर माझ्याकडे आणखी उमेदवार आहेत, उद्या येऊन ती खुर्ची पुन्हा एकदा बघते.