खोटं पाणी

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. आमच्या जुन्या बंब-रुग्णवाहिकांच्या प्रदर्शनात, म्हणजे बंद पडण्याआधी जे शेवटचं झालं त्यात, माझ्या पंपाने पाणी उचललंच नव्हतं. मैदानात खड्डा खणून त्यात ताडपत्री अंथरलेली, काठोकाठ पाणी, त्यात सक्शन होज सोडलेली. देखावा चोख होता. पण पोराच्या हातातल्या ब्रँचला, म्हणजे धार सोडायच्या तोटीला, जी होज लावली होती ती माझ्या पंपातून निघतच नव्हती. ती कनातीखालून मागे उभ्या बेडफर्ड बंबाच्या डिलिव्हरीकडे गेली होती. माझ्या पंपाचं इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं होतं. धार झकास गेली, टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या गळ्यात हारही घातला आणि मी तो घालून घेतला.

माझा जोडीदार घंटेजवळ उभा होता. त्याने खड्ड्यात पाहिलं. पाणी तसूभरही उतरलं नव्हतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घंटा वाजवायला घेतली. त्यानंतर तो असेपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी चहाला भेटायचो. त्याने तो विषय एकदाही काढला नाही, आणि तेच मला अजून टोचतं.

प्रदर्शन म्हणजे तोच होता. परवानग्या, पोलीस, मंडपवाला, तिकिटं, हिशेब सगळं त्याच्या एका चोपडीत. तो गेला आणि चोपडी मिटली. त्याच्या तेराव्याला एका बर्न वॉर्डातल्या सिस्टर भेटल्या. आमचे पैसे कुठे जायचे ते मी कधी विचारलं नव्हतं, खरं सांगतो. भाजलेल्या माणसाची कातडी भरून आल्यावर व्रण वर उचलू नयेत, आखडू नयेत म्हणून अंगाला घट्ट दाबून बसणारा कपडा शिवून घ्यावा लागतो. दिवसाचे तेवीस तास घालायचा, वर्ष-दीड वर्ष. कपडा सैल पडला की नवा. लहान मूल असेल तर ते वाढतं, मग पुन्हा माप, पुन्हा नवा. रोजंदारीवरचा बाप पहिला कपडा कसाबसा घेतो, दुसऱ्याला परत येत नाही. "तुमच्या साहेबांचं पाकीट यायचं तेव्हा दुसरा घेता यायचा," सिस्टर म्हणाल्या. जोडीदार साहेब नव्हता, माझ्यासारखाच बंबखान्यातला फिटर होता. पण मी दुरुस्ती केली नाही.

तर प्रदर्शन पुन्हा उभं करायचं ठरलं. तारीख अग्निशमन सप्ताहातली हवी. १४ एप्रिलला मैदान मिळत नाही, त्या दिवशी मैदान बाबासाहेबांच्या जयंतीचं, आणि ते तसंच असायला हवं. म्हणून नंतरचा रविवार. १९४४ साली १४ एप्रिललाच मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, त्यात आग विझवणारे ६६ जवान गेले. त्यावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. भाषणवाले धावत धावत स्फोटाकडे आणि जहाजातल्या सोन्याच्या विटांकडे येतात. स्फोट चारनंतर झाला. त्याआधी दोन तास ती माणसं खोलात धुमसणाऱ्या कापसाच्या गठ्ठ्यांवर पाणी ओतत होती, आणि धुरामुळे आगीचं मूळ नेमकं कुठे आहे ते कोणाला सापडत नव्हतं. मला ते दोन तास दिसतात. बाकीचं लोक सांगतातच.

माझा पंप त्याच दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचा ट्रेलर पंप, एका नगरपालिकेच्या लिलावात भंगाराच्या भावाने उचललेला. तिथल्या साहेबाला तो पंप आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, कागदावर 'जुने जनरेटर' असं होतं. याच कंपनीने पुढे हलक्या पंपासाठी एक छोटं इंजिन केलं आणि ते रेसवाल्यांनी पळवलं. १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबम ज्या कूपर गाडीत जगज्जेता झाला तिच्यातही क्लायमॅक्सचंच इंजिन होतं. हे मी व्हिंटेज मोटारवाल्यांना मुद्दाम सांगतो. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

या मोटारवाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते सुधारायची माझी इच्छा नाही. त्यांच्यातल्या दोघातिघांनी हल्ली बंब घेतले आहेत. पितळ असं चकाकतं की त्यात भांग पाडावा. लाल रंगावर सोनेरी रेघा, शिडीला वॉर्निश. आणि पंपाचं झाकण उघडलं की आत कोळ्याचं जाळं! एकाने तर इंपेलर काढून टाकून तिथे स्पीकर बसवलाय, सायरन त्यातून वाजतो. परीक्षक येतात, टायरच्या भिंती बघतात, गुण देतात. पाणी उचलतो का, हे कोणी विचारत नाही. पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजेच पंप, तिथून आपला 'बंब' आला. पाणी न उचलणारा बंब म्हणजे न्हाणीघरातला, पाणी तापवायचा. असं मी एकाला तोंडावर सांगितलं. रात्री झोप लागेना, कारण कनातीखालची होज आठवली.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पंप वॅक्यूम धरत नव्हता. आमचे वस्ताद म्हणायचे, कोरड्या पंपाला ४५ सेकंदांत काटा २४ इंचांवर गेला पाहिजे आणि इंजिन बंद केल्यावर मिनिटभरात दहा इंचांपेक्षा जास्त उतरता कामा नये. माझा काटा अठरावर जाऊन थबकायचा आणि मग दुधावरची साय सरकावी तसा खाली यायचा. हवा कुठूनतरी आत येत होती.

यातली खोड जाणत्याला सांगायला नको. पंपात पाण्याचा दाब भरा, एक थेंब गळणार नाही. दाबाने वायसर, ग्लँडची दोरी जागेवर घट्ट बसते. ओढ लागली की तीच दोरी सैलावते आणि हवेला वाट देते. म्हणजे बाहेर न गळणारा पंप आत गळतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मी सक्शनची वायसरं बदलली. ग्लँड नव्याने भरली. गेजची तांब्याची नळी काढून सोल्डर तपासला. सांध्यासांध्यावर ग्रीस थापलं, साबणाचा फेस लावला. शेवटी उदबत्ती घेऊन फिरवली, कुठे धूर आत ओढला जातो का म्हणून. पेट्रोलच्या इंजिनाशेजारी, जन्मभर फायर ब्रिगेडमध्ये काढलेल्या माणसाने! बायको दारातून म्हणाली, "आरती झाली की प्रसाद द्या." नऊ महिने यात गेले.

खरा उपाय एकच असतो, कान. पंपातली हवा ओढणारा प्रायमर एक्झॉस्टच्या जोरावर चालतो, तो लावला की अख्खी गल्ली कानांत बोटं घालते. म्हणून वॅक्यूम चढवायचा, झडप बंद, इंजिन बंद, आणि त्या शांततेत पंपाशी कान नेऊन बारीक सुसकारा शोधायचा. या सुसकाऱ्यावर माझी सगळी इज्जत उभी होती. दुसऱ्या स्टेशनांतून मला बोलावणं यायचं. मी खिशात हात घालून पंपाभोवती एक फेरी मारायचो आणि बोट ठेवायचो. फेरी एकच मारायची असा माझा तोरा होता. खरं तर पहिल्या पावलालाच कळायचं, उरलेली फेरी बघणाऱ्यांसाठी.

आता ऐकू येत नव्हतं. मी म्हणायचो, सुसकारा नाहीच, गळती फार बारीक आहे. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ दरड कोसळावी तशी खाली गेलेली. "माणसांचं बोलणं येतं ना ऐकू?" त्यांनी विचारलं. माणसांचं येतं. माणसांचं ऐकून मी काय करू?

शेजारची पोरगी आयटीआयला डिझेल मेकॅनिक करते. पान्यांना हात लावू नको या अटीवर तिला येऊ दिलं होतं. एका संध्याकाळी इंजिन बंद केलं आणि ती तिथूनच, स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली, "आबा, खाली शिट्टी वाजतेय."

"कुठे खाली?"

"तळाच्या कॉकपाशी."

"तो सोडून बोल. तो मी बसवलाय."

ड्रेन कॉक पितळी, निमुळता. जुना खरवडलेला होता म्हणून मी पेस्ट लावून हाताने घासून बसवला होता. पूर्वी घासल्यावर निळं लावून बघायचो, निळा पट्टा चहूकडे सारखा उमटतो का. या वेळी बघितलं नाही. माझ्या हाताला निळं लागत नाही असं मी वीस वर्षं पोरांना सांगत आलोय. नऊ महिन्यांत सगळा पंप उसवला, फक्त तेवढ्या एका कॉकला ग्रीससुद्धा लावलं नाही. तिने काही न बोलता बोटभर ग्रीस त्यावर फासलं. पुन्हा वॅक्यूम चढवला. काटा तेवीसवर गेला आणि तिथेच उभा राहिला.

कॉक काढून निळं लावलं. एका बाजूला नखाएवढी जागा कोरडी. उजवा हात हल्ली चहाचा कप धरताना हलतो. घासताना तो डोलला असणार, आणि डोललेल्या हाताने निमुळतं काम गोल होत नाही. ती कोरडी जागा मी बराच वेळ बघत बसलो. मग पेस्टची डबी तिच्याकडे सरकवली. तिने मनगट फार दाबलं म्हणून ओरडलोही. निळा पट्टा सलग उमटला तेव्हा मी म्हटलं, "बरंय," जे आमचे वस्ताद मला म्हणायचे आणि ज्याचा मला राग यायचा.

प्रदर्शन झालं. मॅटाडोर रुग्णवाहिका आली, पोलिसांची जुनी जीप आली, स्पीकरवाला बंबही आला. सर्वांत जास्त पैसे कशाने मिळाले सांगू? घंटेने. दहा रुपयांत एकदा वाजवायची. पोरांची रांग फाटकापर्यंत होती, माझ्या पंपापाशी तीस-चाळीस माणसं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोरगी थ्रॉटलवर होती. प्रायमर किंचाळला, काटा चढला, सक्शन होज अंग आवळल्यासारखी ताठ झाली आणि धार निघाली. या वेळी कनातीखाली काही नव्हतं. माइकवाला म्हणाला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी आमच्या आबांनी स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या कानांनी हा पंप जिवंत केला. 'स्वतःच्या कानांनी' हे त्याला मीच कधीतरी बोललो असणार. टाळ्या पडल्या. पोरीने थ्रॉटलवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माइक दहा पावलांवर होता. मी गेलो नाही. खड्ड्यापाशी जाऊन आत वाकून बघितलं. पाणी हातभर उतरलं होतं, ताडपत्रीवर ओली रेघ राहिली होती. तिकडे घंटेवरचा मुलगा जेवायला गेला होता आणि पोरं ओरडत होती, म्हणून मग मी जाऊन घंटेची दोरी धरली.