विझली की तुटली?

मोटारसायकल दुरुस्तीला घेऊन येणारा माणूस आपली तक्रार बहुधा दोन शब्दांत सांगतो : "बंद पडते." डॉक्टरकडे जाऊन "बरे वाटत नाही" एवढेच सांगावे, तसला हा प्रकार. माझ्या वडिलांचे कांजूरमार्गला लहानसे गॅरेज आहे. दोन गाड्या आत लावल्या की तिसरी बाहेर उभी करावी लागते. जुन्या बुलेट दुरुस्त करणे हे त्यांचे खास काम. अशा गिऱ्हाइकाला अप्पांचा उलट प्रश्न ठरलेला असतो : "विझली की तुटली?"

ऐकणारा गोंधळतो; पण या दोन क्रियापदांत अर्धे निदान असते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडे पेट्रोल नेहमी साठलेले असते. टाकीतून येणारे पेट्रोल अडले तरी तेवढ्यावर इंजिन काही क्षण चालते, मग ढिले पडते आणि थांबते. कंदिलातले तेल संपावे, तशी गाडी विझते. ठिणगी गेली तर मात्र असा निरोप मिळत नाही. दोरा तुटावा तशी गाडी तुटते. म्हणजे विझली तर पेट्रोलच्या वाटेला जावे, तुटली तर विजेच्या. नियम शंभर टक्के खरा नाही, पण सुरुवात कुठून करावी हे तो सांगतो.

कार्बोरेटरचे काम सांगायला सोपे आहे. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करायचे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एकास सुमारे १४.७ इतकी हवा लागते. पण सगळे पेट्रोल एकाच भोकातून येत नाही. गाडी उभ्या उभ्या चालते तेव्हा पायलट जेट आणि हवेचा स्क्रू काम करतात. मूठ पाव ते पाऊण पिळली असताना मुख्यतः सुईचा अंमल चालतो. त्यापुढे मेन जेट. म्हणून अप्पांचा दुसरा प्रश्न असतो, "किती रेसवर?" ठरावीक रेसवरच गाडी अडखळत असेल तर त्या रेसचा भाग तपासायचा. सगळीकडेच सारखी अडखळत असेल तर जेट साफ करत बसण्यात अर्थ नाही. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे, बिघडली तर जास्त. प्लग काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर सारे ठीक. मित्रहो, इतका सरळ हिशेब आमच्या इकॉनॉमिक्सच्या पुस्तकातही नाही!

तरीही बुलेट बिघडली की पहिला आळ कार्बोरेटरवर येतो. ही गाडी मूळची इंग्लंडची. मद्रासमध्ये १९५५ साली एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि ती इथली झाली. ३४६ सीसीचे एकच सिलिंडर, आणि ठिणगीसाठी पॉइंट व कंडेन्सर. जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक असे काही नाही. जे आहे ते डोळ्यांनी पाहता येते, कानांनी ऐकता येते.

पण अप्पांना आता पूर्वीसारखे ऐकू येत नाही. तीस-बत्तीस वर्षे इंजिनांशेजारी बसून काढली, त्याचा हा परिणाम. डॉक्टरांनी सांगितले, अशा बहिरेपणात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. बुलेटचा धडधडाट त्यांना कळतो. टॅपेटची टिकटिक कळत नाही. ते टाकीवर तळहात ठेवून अंदाज घेतात. बाकीचे मला विचारतात. कॉलेज सुटल्यावर मी गॅरेजमध्ये जातो तो पाना धरायला कमी आणि ऐकायला जास्त. ऐकलेले त्यांना कळेल अशा शब्दांत सांगायचे, हे माझे काम.

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त गृहस्थ आपली १९७२ सालची बुलेट घेऊन आले. गाडी झटक्यात सुरू होई, पण सात-आठ किलोमीटरवर बंद पडे आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशी पुन्हा चालू होई. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना अख्खा कार्बोरेटर बदलायला सांगितले होते. अप्पा म्हणाले, "आधी चालवून बघू." मी चालवायला, ते मागे, खिशात प्लगपाना. शास्त्री मार्गाने मुलुंड चेकनाक्यापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो आणि भांडुपच्या अलीकडे गाडी थांबली.

"विझली की तुटली?" या वेळी प्रश्न मला होता.

"तुटली. पण त्याआधी दोनदा अडखळली. फाट्‌कन आवाज आला."

"पुढून का मागून?"

"मागून. सायलेन्सरमधून."

पुढून, म्हणजे कार्बोरेटरमधून, गाडी शिंकली तर बहुधा पेट्रोल कमी पडलेले असते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटले, तर आधी संशय ठिणगीवर. टाकीचे झाकण उघडून पाहिले. हवेचे भोक मोकळे होते. पाइप काढला, पेट्रोल धारेने आले. मग प्लग काढून इंजिनला टेकवला आणि मी किक मारली. ठिणगी निळी नव्हती, पिवळट आणि अशक्त होती. पॉइंट जळलेले होते. तापल्यावर कंडेन्सर दगा देत होता. बोटाच्या पेरापेक्षा थोडासा मोठा, कार्बोरेटरच्या मानाने अगदी स्वस्त.

कंडेन्सर आणि पॉइंट बदलले, तरी पाव रेसला गाडी जरा कचरत होती आणि पुढून शिंकत होती. प्लग पांढरट. याचे एक कारण आजच्या पेट्रोलमध्येच असू शकते. देशात दहा टक्के इथेनॉलचा टप्पा २०२२ साली गाठला गेला, वीस टक्क्यांचा २०२५ साली. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटमधून येणारे तेवढेच इंधन अपुरे पडते. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई तेवढी वर आली, आणि गाडी मोकळी झाली. हे दोन्ही एकदम केले असते तर कशाने काय सुधारले ते कळले नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा अप्पांचा दंडक.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता यंत्र लावले की पडद्यावर बिघाडाचा आकडा येतो. ते चांगलेच आहे. त्याला कान लागत नाहीत. मी पुढे गॅरेज चालवावे असे अप्पांना वाटत नाही, आणि मलाही ते जमेल असे नाही. पण मी नसलो की ते अवघड गाडी हाती घेत नाहीत, "उद्या या" म्हणतात, हे मला शेजाऱ्यांकडून कळले. परीक्षेच्या महिन्यात असे बरेच उद्या साचतात.

म्हणून मी एक वही केली आहे. शिंकणे, खोकणे, अडखळणे, गुदमरणे, कचरणे, हापसणे. प्रत्येक शब्दापुढे आवाज कुठून येतो, किती रेसवर, गाडी थंड की गरम, हे लिहितो. गिऱ्हाइकानेच ती वाचून योग्य शब्दावर बोट ठेवावे, म्हणजे माझ्यावाचून अडणार नाही. अप्पा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी वही दोन रात्री वाचली. 'गुदमरणे' आणि 'हापसणे' मी एकाच अर्थाने लिहिले म्हणून ते पान परत लिहायला लावले. पेट्रोल जास्त झाले की गाडी गुदमरते, कमी पडले की हापसते. सध्या वहीत एकवीस शब्द झाले आहेत. अप्पांच्या मते अजून निम्मेही नाहीत.