जिंकणाऱ्याला खेळू देत नाहीत

लीड्सला ऑनसाइट आलो तेव्हा पहिलं नवल वाटलं ते बेटिंगच्या दुकानांचं. आपल्याकडे बुकी म्हटला की हॉटेलची बंद खोली, आठ-दहा मोबाईल आणि दुसऱ्या दिवशी पेपरात क्राइम ब्रांचचा छापा. इथे सलूनच्या शेजारी रीतसर पाटी, आत जाऊन बसा. १९६१ पासून ही दुकानं कायदेशीर आहेत म्हणे. आता सगळं मोबाईलवर आलंय, तो भाग वेगळा.

तर रूममेट आणि मी, दोघांनी अकाउंट उघडलं. म्हणजे खरं सांगायचं तर त्याचं मीच उघडून दिलं. रेफरलचे दहा पाउंड मिळत होते ना!

इंजिनिअर माणूस, एक्सेल उघडणारच. बरोबरीच्या दोन टेनिसपटूंचा भाव काय? दोघांनाही १.९०. म्हणजे दोन्हीकडे शंभर-शंभर लागले तर दोनशे जमा, वाटायचे १९०. कोणी का जिंकेना, दहा पाउंड मालकाचे. मी म्हणत होतो बुकी मॅचचा अंदाज बांधतो. छे! तो फक्त भावात आपला वाटा कापून ठेवतो. असे चार सामने एकत्र जोडले की मजा बघा. खरा भाव १६ हवा, मिळतो जेमतेम १३. शंभरातले साडेअठरा गेले, आणि जाहिराती नेमक्या याच जोडबेटांच्या.

यावर उपाय मला सापडला होता. बेटफेअर नावाचं एक्स्चेंज २००० पासून आहे. तिथे लोक एकमेकांविरुद्ध पैजा लावतात, कंपनी फक्त जिंकलेल्यावर कमिशन घेते. त्यामुळे तिथला भाव बराचसा खरा असतो. बुकीचा भाव त्याहून चढा दिसला की लावायचे. बस, एवढंच. दोन महिन्यांत १८० पाउंड वर! जाम खूष होतो. मग एका शनिवारी वीस पाउंड लावायला गेलो तर स्क्रीनवर उत्तर आलं, कमाल ३८ पेन्स. फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाली, हा आमचा व्यावसायिक निर्णय आहे. इथे ते कायद्यात बसतं.

रूममेटला मात्र कधीच अडवलं नाही. वाढदिवसाला फ्री बेट, वाईट आठवडा गेला की फ्री बेट. मॅच चालू असताना पुढच्या कॉर्नरवर, पुढच्या ओव्हरवर तो लावायचा. आपल्या स्ट्रीमिंगवर बॉल पडेपर्यंत डेटा कंपन्यांच्या मैदानात बसलेल्या माणसांनी तो कधीच कळवलेला असतो, हे मी त्याला सांगितलं होतं. पण ऐकतो कोण? आणि माझी शीट त्याला फक्त कंटाळवाणी वाटायची.

मार्चमध्ये एका रात्री तो म्हणाला, "अरे, स्लॅबचे पैसे गेले." साताऱ्याकडच्या घराचा स्लॅब. चार हजार पाउंड. वडील रोज फोनवर विचारायचे, पावसाळ्याआधी टाकायचा ना?

मला काय बोलावं सुचेना. लॅपटॉप काढला आणि गॅमस्टॉपची साइट उघडून दिली. तिथे नाव घातलं की ब्रिटनमधल्या परवानाधारक ऑनलाइन बुकींना तुम्हाला बंद करावंच लागतं, आणि मुदत संपेपर्यंत ते मागे घेता येत नाही. सहा महिने, एक वर्ष, पाच वर्षं. त्याने पाच निवडली आणि मुकाट्याने झोपायला गेला.

रेफरलच्या दहा पाउंडांची आम्ही दोघांनी मिळून बिर्याणी खाल्ली होती. त्याला आठवत असेल का, अजून विचारलेलं नाही.