केदारची यादी

महाशिवरात्र. ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरातून केदारनाथाची दारं उघडण्याची तारीख आज जाहीर झाली. हिवाळाभर देवाचा मुक्काम तिथेच असतो. आपला ओंकारेश्वर शेजारच्या खंडवा जिल्ह्यात, नर्मदेकाठी. या सारख्या नावाचंच आईला केवढं अप्रूप!

बाबांनी मिलमधून कधीकाळी आणलेल्या न्यूजप्रिंटवर ती यादी लिहितेय: कानटोपी, सुंठ, कापूर, नर्मदेच्या पाण्याचा गडू. कागद शाई पितो, ‘गडू’तला ‘ग’ पार पसरलाय.

गौरीकुंडापासून 16 किलोमीटरची चढण, मंदिर 3,583 मीटरवर. तिचे गुडघे मला ठाऊक आहेत. घोडा करू म्हटलं, तर म्हणाली, "जमेल तितकं चालेन गं." मग माझाही विरोध विरघळला. उद्यापासून पहाटे आम्ही दोघी स्टेशनपर्यंत चालत जाणार.